गळांच्या डब्यातला कागद

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर राहणाऱ्या आजोबांना घेऊन मी दर शनिवारी हार्डवेअरच्या दुकानात जाते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं लहानसं गाव. आजोबांच्या हातून गाडीच्या किल्ल्या त्यांच्या मुलीने काढून घेतल्यात, आणि मला तसंही दूध-ब्रेड आणायला त्याच बाजूला जायचं असतं. परवा नळाचे वायसर घेतले, तर काउंटरवरच्या पोराने सवयीने विचारलं, "व्हेटरन आहात का? दहा टक्के सूट आहे." व्हेटरन म्हणजे माजी सैनिक. आजोबा म्हणाले, "नाही रे बाबा. मी फक्त रिझर्व्हमध्ये होतो."

ते 'फक्त' माझ्या कानाला लागलं. माझं पोट विम्याच्या दाव्यांवर चालतं. माणूस आपल्या तोंडाने 'नाही' म्हणाला की त्याच्या फाइलचं काय होतं, ते मी रोज बघते. गाडीत बसल्यावर खोदून विचारलं.

आजोबांचा जन्म १९४८चा. १ डिसेंबर १९६९ला व्हिएतनाम युद्धाच्या सक्तीच्या भरतीसाठी जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढल्या, त्यात यांची तारीख लवकर निघाली. सक्तीच्या भरतीचं बोलावणं यायच्या आधी त्यांनी सहा वर्षांसाठी आर्मी रिझर्व्हमध्ये नाव घातलं. म्हणजे सुरुवातीला काही महिने प्रशिक्षण, मग महिन्यातून एक वीकेंड ड्रिल आणि उन्हाळ्यात दोन आठवड्यांचा कॅम्प. तोफखान्यात होते. वर्गातली दोन मुलं व्हिएतनामहून पेटीतून आली. हे इथेच राहिले, छपाईच्या कारखान्यात कामाला लागले आणि गेली पन्नास वर्षं त्यांनी त्या गणवेशाचा विषय कोणापुढे काढला नाही. कानात रातकिडे ओरडतात ते तोफांमुळे, हे त्यांच्या मुलीलाही माहीत नव्हतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. इथे 'व्हेटरन' हा शब्द अंगावरच्या गणवेशावर ठरत नाही. तो ठरतो 'अ‍ॅक्टिव्ह ड्यूटी'वर, म्हणजे पूर्णवेळ सैनिकी सेवेवर. आजोबांकडे सेवेतून सुटल्याचा दाखला आहे, डीडी-२१४ म्हणतात तो. त्यात 'अ‍ॅक्टिव्ह ड्यूटी' असं छापलंयसुद्धा, पण पुढे 'फॉर ट्रेनिंग' हे दोन शब्द आहेत आणि त्या दोन शब्दांनी सगळं धुऊन नेलंय. ट्रेनिंगवर असताना इजा झाली किंवा आजार जडला आणि त्याने अपंगत्व आलं, तरच तो काळ खऱ्या सेवेत धरतात. वीकेंडच्या ड्रिलमध्ये तर त्याहून बारीक चाळणी. इजा चालते, आजार चालत नाही. अपवाद हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात. शिवाय नियमित सैनिकाला कायदा म्हणतो, तू भरती झालास तेव्हा धडधाकट होतास असं आम्ही धरून चालतो. रिझर्व्हवाल्याला म्हणतो, सिद्ध कर. म्हणजे लाभ मिळायला व्हेटरन असायला हवं, आणि व्हेटरन असायला आधी लाभाचं कारण सिद्ध व्हायला हवं.

वीस 'चांगली' वर्षं, म्हणजे दर वर्षी ड्रिल, कॅम्प वगैरेंचे किमान ५० गुण, पुरी केलेल्या रिझर्व्हवाल्याला पेन्शन मिळते. तीही साधारण साठाव्या वर्षी, आणि आपण होऊन मागितली तर. अशा वीस वर्षंवाल्यांनाही २०१६पर्यंत कायद्याने व्हेटरन म्हणवून घ्यायची सोय नव्हती. त्या वर्षी संसदेने त्यांना मानाने तसं म्हणायची परवानगी दिली आणि त्याच कलमात लिहून टाकलं, की या मानामुळे कोणताही लाभ मिळणार नाही. मानाचा नारळ, आतून रिकामा.

हे सगळं मला कळलं ते काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, ऑफिसात. ओहायोत ८८ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीत माजी सैनिकांसाठी एक सेवा कार्यालय आहे. तिथल्या अधिकारीण बाई स्वतः लष्करातून आलेल्या. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर काही न विचारता एक छोटा फॉर्म भरला, 'दावा करायचा इरादा आहे' एवढंच सांगणारा. त्याने आजची तारीख धरून ठेवली जाते आणि कागद जमवायला वर्षभर मिळतं. उद्या मंजुरी आली तर पैसे आजपासून मोजायचे. मग त्यांनी दाखला वाचला, 'फॉर ट्रेनिंग'वर पेन टेकवलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "कॅम्पमध्ये कधी लागलं-खुपलं होतं?"

आजोबा म्हणाले, "छे. एकदा ट्रकवरून पडलो होतो, तेवढंच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कुठल्या साली?"

१९७३चा जुलै. दारूगोळा चढवताना ट्रकच्या फळीवरून पाय सटकला, गुडघा उलटा वळला, तीन दिवस कॅम्पच्या दवाखान्यात. तोच गुडघा, ज्याला आज पट्टा आहे. (त्याच महिन्यात, १२ जुलैला, सेंट लुईसच्या लष्करी दफ्तरखान्याला आग लागून दीड कोटीच्या वर फाइली जळाल्या. आजोबा १९७६ला सेवेतून सुटले, त्यामुळे त्यांची फाइल वाचली; त्यांच्या आधीच्या पिढीचे लाखो लोक अजून राखेतून नाव शोधतायत.) घरी येऊन आम्ही तळघर उपसलं. कागद सापडला मासे पकडायच्या गळांच्या डब्यात, खालच्या कप्प्यात, शिशाच्या वजनांखाली. कार्बन कॉपी, जांभळट, कडेला गंज. इजा कर्तव्यावर असताना झाली का, या रकान्यात टाइपरायटरने मारलेलं 'येस'.

या सगळ्याचे आम्हाला शून्य डॉलर पडले. पहिला दावा तयार करून द्यायचे पैसे घ्यायला इथे कायद्याने बंदी आहे. पण मोडणाऱ्याला शिक्षा द्यायची तरतूद २००६ला काढून टाकली, त्यामुळे जाहिराती करून म्हाताऱ्यांकडून हजारो डॉलर उकळणाऱ्या कंपन्यांचं पेव फुटलंय. त्यांना लोक 'शार्क' म्हणतात. आपल्याकडे तहसील कचेरीबाहेर झेरॉक्सच्या टपरीत बसणारा एजंट असतो ना, तोच, फक्त टायवाला.

आता घरच्या गोष्टीकडे येते. आमच्या शाळेच्या ग्रुपवर दर महिन्याला कोणीतरी एक व्हिडिओ टाकतं. अमेरिकेतल्या विमानात सैनिकासाठी सगळे टाळ्या वाजवतायत, आणि खाली 'याला म्हणतात सैनिकाचा सन्मान.' मी इथे एकोणीस वर्षं आहे. टाळ्या खऱ्या आहेत. ११ नोव्हेंबरला फुकट पॅनकेकही खरे आहेत. पण टाळ्या वाजवणाऱ्याला रिझर्व्हवाला आणि नियमित यातला फरक माहीत नसतो, कायद्याला पक्का माहीत असतो.

त्याच ग्रुपवर अग्निपथवरून, म्हणजे आपल्याकडच्या चार वर्षांच्या सैन्यभरतीवरून, दोन तट आहेत. एक तट म्हणतो, अमेरिकेतही पोरं चार वर्षं जातात आणि पेन्शनशिवाय परत येतात, मग आपल्यालाच का पोटदुखी? यातलं अर्धं बरोबर आहे. इथे नियमित सैनिकालाही महिन्याच्या पेन्शनसाठी साधारण वीस वर्षं लागतात, आणि बहुतेक जण त्याआधीच बाहेर पडतात. आपल्याकडचा जुन्या पद्धतीतला जवान पंधरा वर्षांवर पेन्शन घेऊन घरी यायचा, हे इथल्या लोकांना सांगितलं तर डोळे मोठे करतात. पण उरलेलं अर्धं ग्रुपवर कोणी लिहीत नाही. चार वर्षं नीट काढून बाहेर पडलेला अमेरिकन पोरगा पूर्ण व्हेटरन असतो. छत्तीस महिन्यांच्या सक्रिय सेवेवर त्याला छत्तीस महिन्यांचं शिक्षण मिळतं, घरकर्जाला सरकारी हमी मिळते, सरकारी दवाखान्याचं दार उघडतं. आपला अग्निवीर तीच चार वर्षं काढतो, साधारण पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेतो, आणि पुढे कायम होणाऱ्या पंचवीस टक्क्यांत त्याचं नाव आलं नाही तर माजी सैनिक हा दर्जा त्याला नाही. पेन्शन नाही हे एक वेळ समजू शकते, पैशांचा हिशेब असतो. शब्दसुद्धा नाही, याला काय हिशेब? जानेवारी २०२३ला प्रशिक्षणाला गेलेल्या लष्कराच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२७च्या तोंडावर भरतात. ती पोरं पंचाहत्तर वर्षांची होतील तेव्हा त्यांचे गुडघेही बोलायला लागतील, आणि तेव्हा त्यांना 'मी फक्त अग्निवीर होतो' असं म्हणावं लागू नये, एवढं माझं म्हणणं.

दुसऱ्या तटाला वाटतं, मी इथे बसून सरकारला शिव्या देतेय. मी देत नाहीये. मी माझ्या मामाचा विचार करतेय. मामा साखर कारखान्यात फिटर होता आणि १९८४पासून नऊ वर्षं टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे टीएत, प्रादेशिक सेनेत. वर्षातून दोन महिने गणवेश, बाकी दहा महिने बॉयलर. टीएमध्ये जवानाला पेन्शनला पंधरा वर्षांची प्रत्यक्ष बोलावलेली सेवा लागते; मामाची त्याच्या जवळपासही नाही. काही वर्षांपूर्वी मुलाच्या सवलतीसाठी तो एका कचेरीत गेला, तिथे सांगितलं, "टीएवाले माजी सैनिकात येत नाहीत." मामा उन्हातून एसटीने परत आला. सांगणारा खोटं बोलला नव्हता, अर्धं बोलला होता. माजी सैनिकाच्या व्याख्येत टीएची तीन प्रकारची माणसं बसतात. पेन्शनवाले, शौर्यपदकवाले, आणि लष्करी सेवेमुळे अपंगत्व आलेले. मामाला वार्षिक कॅम्पमध्ये कंबरेत लचक भरली ती आजतागायत गेली नाही. पण "कधी लागलं होतं का?" असं त्याला कोणी विचारलंच नाही. मामानेही सांगितलं नाही. पायावर उभं राहता येतंय तोवर आमच्या घरात दुखणं सांगत नाहीत.

पाणी राम या जवानाचा खटला वाचला तेव्हा मला मामाच दिसला. पंचवीस वर्षं पायदळात काढून ते पर्यावरणाचं काम करणाऱ्या टीए बटालियनमध्ये पुन्हा भरती झाले, २००९ला अपघातात पाय गेला, आणि अपंगत्व पेन्शन मागितली तर उत्तर मिळालं, जादा लाभ मागणार नाही असं तुम्ही सही करून दिलंय. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सही बाजूला सारली. भरतीच्या रांगेत उभा असलेला शिपाई आणि सरकार यांच्यात कसली घासाघीस होणार! निकाल न्यायमूर्ती भूषण गवई यांनी लिहिलेला, आपल्या अमरावतीचे. पण त्यासाठी माणसाला दिल्लीपर्यंत जावं लागलं. ओहायोत तोच प्रश्न एका बाईंनी टेबलावर पेन ठेवून विचारला, आणि त्यांचा पगार काउंटी देते.

आजोबांचा दावा गेलाय. गुडघ्याच्या तपासणीची तारीख आलीय, कानांची यायचीय. कानांचं मंजूर झालं तर दहा टक्के अपंगत्व, २०२५च्या दराने महिन्याला १७५ डॉलर. त्याने कोणाचं घर चालत नाही. निघताना आजोबांनी बाईंना हळूच विचारलं, की मी गेल्यावर पेटीवर झेंडा मिळेल का. बाई म्हणाल्या, त्याला यातलं काहीच लागत नाही, रिझर्व्हच्या तुकडीतली भरतीची एक मुदत पुरी केलीत ना, झालं. आजोबा बराच वेळ टोपी फिरवत बसले.

त्या रात्री मी मामाला फोन केला. त्याचा नातू हल्ली पहाटे साडेचारला कारखान्याच्या रस्त्यावर धावतो, भरतीसाठी. मामाला म्हटलं, तुझं टीएचं डिस्चार्ज बुक काढ, आणि कॅम्पच्या दवाखान्याची चिठ्ठी असेल तर तीही. "माळ्यावर असंल," म्हणाला, "पोरीच्या लग्नाला रंग काढला तवा ट्रंका वर टाकल्यात." चार दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. कागद उलटा, ट्यूबलाइटची चमक मधोमध, आणि ज्या रकान्यात दुखापतीचा शेरा असायला हवा, नेमका त्यावर मामाचा अंगठा.

मी लिहिलं, "मामा, अंगठा काढ आणि परत पाठव."