घोड्याचा ठोका चुकतो, म्हणजे नेमकं काय होतं?

घोडा घेणाऱ्यांसाठी एक सल्ला सारखा फिरतो: ‘ठोका चुकत असेल तर हृदय कमजोर. ठोके मिनिटाला चाळीसच्या आत असतील तर घोडा निर्धोक. आणि एकदा लय बिघडली की इलाज नाही.’ तिन्ही गोष्टी चूक आहेत, त्यातही दुसरी धोक्याची.

शांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. या वेळी ठोके मंद करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा लगाम इतका आवळलेला असतो, की अलिंदातून (हृदयाच्या वरच्या कप्प्यातून) निघालेला एखादा विद्युत संदेश निलयापर्यंत (खालच्या कप्प्यापर्यंत) पोचतच नाही आणि तो ठोका गळतो. निरोगी, तयारीच्या घोड्यांतही हे सर्रास आढळतं. पडताळायला डावा पुढचा पाय जरा पुढे घ्या, स्टेथोस्कोप कोपरामागून काखेत सारा आणि पूर्ण दोन मिनिटं ऐका. निर्दोष गळतीला ठेका असतो: काही नियमित ठोके, मग एक रिकामी जागा, पुन्हा तसंच. त्या जागेत अलिंदाचा एकटा मंद आवाज कधी कधी ऐकू येतो. आता घोडा दोन-तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवून लगेच ऐका. गळती थांबलेली असली पाहिजे. श्रमातही राहिली तर ईसीजी काढायलाच हवा.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे अलिंद नीट आकुंचन न पावता नुसतं थरथरतं तेव्हा, मात्र ठेकाच नसतो. अंतरं वेडीवाकडी, आवाज कधी मोठा कधी बारीक, आणि अलिंदाचा आवाज गायब. तरीही उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला ३६ भरू शकतात, म्हणून नुसती मोजणी फसवते. विश्रांतीत निलय भरायला भरपूर वेळ असतो, अलिंदाची मदत नसली तरी भागतं. दौडीत तो वेळच उरत नाही. घोडा दमतो, मागे पडतो, क्वचित नाकातून रक्त येतं.

इलाज आहे. नुकतीच सुरू झालेली गडबड २४ ते ४८ तासांत आपोआप थांबू शकते, म्हणून आधी थांबून पाहतात. त्यानंतर लय पूर्ववत करणारं औषध, क्विनिडीन सल्फेट, वजनाच्या किलोमागे २२ मिलिग्रॅम. ४०० किलोच्या घोड्याला एका वेळी ८.८ ग्रॅम. तोंडात व्रण पडतात म्हणून नाकातून घातलेल्या नळीने पोटात, दर दोन तासांनी, ठरावीक मात्रांपर्यंतच. हे घरी करायचं काम नव्हे: पोटदुखी, जुलाब, नाकाला सूज, रक्तदाब घसरणं, सगळं होऊ शकतं. प्रत्येक मात्रेआधी पशुवैद्यक ईसीजी पाहतात, आणि निलयाची लहर मूळच्यापेक्षा २५ टक्क्यांहून रुंद झाली तर पुढची मात्रा देत नाहीत.