आयफोन बॅकअपचा पासवर्ड विसरलात? मग कृपा करून फोन पुसू नका

‘आयफोन बॅकअपचा पासवर्ड विसरलात? हे पाच उपाय कोणी सांगणार नाही!’ असा एक मेसेज सध्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. उपाय असे: पासवर्डच्या जागी ०००० किंवा १२३४ टाका, आयट्यून्स (कॉम्प्युटरवर आयफोनचा बॅकअप घेणारं अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा इन्स्टॉल करा, पासवर्ड शोधणारं सॉफ्टवेअर घ्या (‘शंभर टक्के खात्री’), कस्टमर केअरला फोन करा, ते रिसेट करून देतात, आणि ‘सगळ्यात खात्रीचा’ पाचवा, फोन पूर्ण रिसेट करा, पासवर्ड उडतो, मग जुना बॅकअप परत घ्या.

काल आत्याने हाच मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, “करू का?” आजोबांचे शेवटच्या वर्षातले व्हिडिओ तिच्याकडे दोनच ठिकाणी आहेत: त्या फोनमध्ये आणि लॅपटॉपवरच्या त्या न उघडणाऱ्या बॅकअपमध्ये. तिने विचारलं म्हणून निभावलं. न विचारता बटण दाबणाऱ्यांचं काय?

म्हणून पाचवा उपाय आधी घेतो. फोन पूर्ण पुसला की त्यातला पासवर्ड जातो, इथवर खरं आहे. पण लॅपटॉपवर पडलेला जुना बॅकअप तेव्हाचा पासवर्ड लावूनच कुलूपबंद झालेला असतो. फोनचं काहीही केलंत तरी त्या फायलींना त्याचा पत्ता लागत नाही. म्हणजे फोन रिकामा, बॅकअप बंद, आणि स्क्रीनवर तोच पासवर्ड विचारणारी चौकट. ज्या एका ठिकाणी सगळं शाबूत होतं, तेच ठिकाण या उपायाने स्वतःच्या हाताने पुसायला लावलं.

हा सल्ला आला कुठून, तेही बहुधा कळतं. आयओएस (आयफोन चालवणारी प्रणाली) १० आणि त्याआधीच्या फोनवरचा बॅकअप-पासवर्ड काढायचा तर फोन पुसण्यावाचून मार्ग नव्हता. पण तेव्हाही आधी आयक्लाउडवर, म्हणजे अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठ्यात, बॅकअप घ्यायचा, मग फोन पुसायचा आणि आयक्लाउडवरूनच परत भरायचा, असा क्रम होता. मेसेजने आयक्लाउडची पायरी गाळली आणि ‘जुना बॅकअप उघडेल’ ही थाप पदरची जोडली.

आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून, फोन पुसायची गरजच उरलेली नाही. अ‍ॅपलच्या स्वतःच्या मदत-पानावर हे स्वच्छ लिहिलंय. सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात ‘ट्रान्सफर ऑर रिसेट आयफोन’, मग ‘रिसेट’ आणि ‘रिसेट ऑल सेटिंग्ज’. फोनचा पासकोड टाकायचा. बॅकअपचा पासवर्ड निघून जातो. फोटो, व्हिडिओ, मेसेज जागच्या जागी राहतात. वॉलपेपर, होम स्क्रीनची मांडणी, वाय-फायचे पासवर्ड, अ‍ॅपल पेची कार्डं यांची मात्र पुन्हा जुळवाजुळव करावी लागते. मग केबल लावून नवा बॅकअप घ्यायचा, नवा पासवर्ड ठेवायचा. त्याच पानावर हेही आहे की जुना एन्क्रिप्टेड, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद केलेला, बॅकअप पासवर्डशिवाय रिस्टोअर होत नाही.

आता खरा धोका बघा. ज्या पडद्यावर ‘रिसेट’ आहे, त्याच पडद्यावर त्याच्या अगदी खाली ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ आहे. पहिल्यात सेटिंग्ज जातात, दुसऱ्यात सगळंच जातं. मेसेजमध्ये नुसतं ‘फोन पूर्ण रिसेट करा’ लिहिलंय. साठीतल्या बाईने त्यातून कुठलं बटण निवडायचं? ‘पूर्ण’ म्हटल्यावर ती ‘ऑल कंटेंट’वालंच दाबणार ना!

सॉफ्टवेअरबद्दल थोडं मान्य करावं लागेल. अशी सॉफ्टवेअर्स असतात, पण ती पासवर्ड ‘शोधत’ नाहीत, एकामागून एक अंदाज लावून बघतात. २०१६ च्या आयओएस १०.० मध्ये अ‍ॅपलकडूनच चूक झाली होती. एल्कॉमसॉफ्ट या कंपनीने दाखवून दिलं की बॅकअपचे पासवर्ड पूर्वीपेक्षा सुमारे २,५०० पट वेगाने तपासता येतात. ‘मिनिटांत क्रॅक’च्या जाहिरातींना तेव्हा थोडा तरी आधार होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आलेल्या १०.२ पासून मात्र एकेका अंदाजासाठी १ कोटी फेऱ्यांचं गणित करावं लागतं. समजा, चांगल्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला १०० अंदाज झाले. पासवर्ड सहा आकडी असेल तर तीन तासांच्या आत सापडेल. इंग्रजी लहान अक्षरं आणि आकडे मिसळलेला, आठ अक्षरांचा, मनाला येईल तसा ठेवलेला असेल तर सगळे पर्याय संपायला सुमारे ८९० वर्षं. पासवर्डातलं निम्मंशिम्मं आठवत असेल, तर अशा सॉफ्टवेअरचा खरंच उपयोग होऊ शकतो. शंभर टक्के खात्री देणारा मात्र खोटं बोलतोय.

उरलेल्यांत फार दम नाही. आयट्यून्स पुन्हा टाकून काही होत नाही, कारण बॅकअप एन्क्रिप्ट करतो तो फोन, कॉम्प्युटर नव्हे. ०००० असा कुठलाही ठरलेला पासवर्ड नसतो. पण आपणच कधीतरी फोनचा जुना पासकोड, अ‍ॅपल आयडीचा किंवा ईमेलचा पासवर्ड तिथे टाकलेला असतो, तेव्हा ते सगळे आधी टाकून बघा. मॅक असेल तर त्यातल्या पासवर्ड साठवणाऱ्या ‘कीचेन अ‍ॅक्सेस’ अ‍ॅपमध्ये ‘बॅकअप’ शोधा. पूर्वी ‘पासवर्ड लक्षात ठेव’वर टिक केली असेल तर तो तिथे मिळतो.

कस्टमर केअरवाला मुद्दा नुसता चुकीचा नाही, खिसा कापणारा आहे. तुमचा बॅकअप-पासवर्ड अ‍ॅपलकडे नसतोच, ते देणार कुठून? आणि गूगलवर सापडलेल्या भलत्याच नंबरावरचा माणूस स्क्रीन शेअर करायला लावतो, ओटीपी मागतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

कोणी फोन पुसून बसलं असेल तर लॅपटॉपवरचा तो बॅकअप डिलीट करू नका, त्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. मग आयक्लाउड बघा. तिथल्या फोटोंना आणि बॅकअपला हा पासवर्ड लागत नाही, अ‍ॅपल आयडीने आत जाता येतं. आत्याकडे आयक्लाउड बंदच होतं, म्हणून मी तिला रिसेटच्या आधी सगळे व्हिडिओ केबलने लॅपटॉपवर उतरवून घ्यायला सांगितलं.