फेलोशिपची तारीख

गेल्या आठवड्यात तास संपल्यावर एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्यासाठी दाराशी थांबली होती. तिचे वडील कुर्ल्याला रिक्षा चालवतात, धाकटा भाऊ बारावीत आहे. तिने विचारले, "मॅडम, जेआरएफ मिळाली तर पहिल्या महिन्यापासून घरी पैसे देता येतील ना?" मी "हो" म्हणाले आणि लोकलमध्ये बसल्यापासून ते "हो" मला टोचत राहिले. जेआरएफ म्हणजे पीएच.डी. करताना दरमहा मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप. तिची रक्कम या मुलांना तोंडपाठ असते, पण ती कोणत्या तारखेला हातात पडते हे त्यांना कोणी सांगत नाही. मीही सांगितले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आधी रकमेविषयी. 1 जानेवारी 2023 पासून यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, कनिष्ठ संशोधन फेलोशिप दरमहा 37,000 रुपये झाली आणि दोन वर्षांनंतरची वरिष्ठ फेलोशिप 42,000 रुपये. त्याआधी हे आकडे 31,000 आणि 35,000 होते. घरभाडे भत्ता वेगळा मिळतो. मुंबईतही या पैशांत एक माणूस नीट राहू शकतो, हे मी अनुभवाने सांगते. आकस्मिक खर्चासाठी मात्र मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षे वर्षाला 10,000 आणि पुढे 20,500 रुपये, तर विज्ञान शाखांना 12,000 आणि 25,000 रुपये अशी विभागणी आहे. पंतप्रधान संशोधन फेलोशिप दरमहा 70,000 रुपयांपासून सुरू होते आणि ती विज्ञान-तंत्रज्ञानासाठीच आहे. त्या मुलांना मिळते याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते या फरकामागच्या समजुतीचे, की समाजशास्त्राला प्रयोगशाळा लागत नाही, म्हणजे खर्चही लागत नाही.

माझ्या पीएच.डी.चा विषय नाका कामगारांचा, म्हणजे रोजंदारीच्या कामासाठी सकाळी नाक्यावर उभे राहणाऱ्यांचा होता. पूर्व उपनगरातल्या एका नाक्यावर मी सकाळी साडेसहाला जाऊन उभी राहत असे, कारण साडेआठनंतर ज्याला काम मिळाले तो मुकादमाबरोबर गेलेला असायचा आणि ज्याला मिळाले नाही त्याची बोलण्याची इच्छा उरलेली नसायची. त्या दोन तासांत ज्या बायका-पुरुषांशी बोलायचे, त्यांना निदान एक कटिंग चहा पाजणे ही साधी माणुसकी होती. दिवसाला पंधरा-वीस चहा होत. टपरीवाला बिल देत नाही, आणि आकस्मिक खर्चाचा दावा बिलाशिवाय मंजूर होत नाही. मी एका वहीत तारीख, चहाची संख्या आणि रक्कम लिहून ठेवली होती. लेखा विभागातील बाईंनी ती वही शांतपणे पाहिली आणि परत दिली. त्यांचा नियम चुकीचा होता असे मी म्हणत नाही. तो नियम करताना असे संशोधन कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते, एवढेच म्हणते.

आता तारखेविषयी. यूजीसीची फेलोशिप कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून येते. त्यासाठी दर महिन्याला तुमच्या संस्थेतील एका व्यक्तीने तुमची हजेरी पोर्टलवर भरायची असते आणि दुसऱ्या व्यक्तीने ती तपासून मंजूर करायची असते. कार्यालयात त्यांना मेकर आणि चेकर म्हणतात. या दोघांपैकी एकाने तो महिना भरला नाही, तर तुमचा अर्ज कितीही निर्दोष असला तरी पैसे येत नाहीत. माझ्या संस्थेत मेकरची बदली झाली आणि नव्या माणसाच्या नावाने लॉगिन तयार होण्यास चार महिने लागले. कोणी मुद्दाम अडवले नव्हते, पण त्याची निकड कोणालाच वाटत नव्हती. त्या चार महिन्यांत मी आधी मैत्रिणीकडून उसने घेतले, मग खोली सोडून बदलापूरला मावशीकडे राहायला गेले. बदलापूरहून साडेसहाला नाका गाठणे शक्य नव्हते. फेलोशिपधारकाला दुसरी नोकरी करता येत नाही, त्यामुळे तासिका तत्त्वावर शिकवण्याची वाटही बंद होती. पाचव्या महिन्यात सगळी थकबाकी एकदम जमा झाली. हिशेबाच्या कागदावर माझे काहीच बुडाले नव्हते. पण तोवर पाऊस सुरू होऊन नाक्यावरची गर्दी ओसरली होती, आणि जी माणसे माझ्याशी मोकळेपणाने बोलू लागली होती त्यातली निम्मी मला पुन्हा कधी भेटली नाहीत. प्रबंधातील तिसरे प्रकरण आजही मला अपुरे वाटते, ते त्यामुळेच.

याच शहराच्या इतिहासात पैशांअभावी अभ्यास थांबल्याचे एक फार मोठे उदाहरण आहे. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि एका मित्राची मदत घेतली आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ती तीन वर्षे त्यांनी भरून काढली. पण आपण आपली व्यवस्था असामान्य माणसाच्या हिमतीवर उभी करायची का, हा माझा प्रश्न आहे. माझ्या वर्गातली मुले कष्टाळू आहेत, हुशार आहेत, आणि चार महिने पैसे आले नाहीत तर त्यातली बहुतेक संशोधन सोडून देतील. ज्यांच्या घरची माणसे चार महिने सांभाळू शकतात, तीच टिकतील. मग नाका, वस्ती, शेतमजुरी यांवर लिहिणारे सगळे त्याच घरांतून येतील, आणि हा तोटा केवळ त्या मुलांचा नाही.

राज्याच्या फेलोशिपचीही हीच रड आहे. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती या संस्थांनी अनेक घरांतील पहिल्या पीएच.डी.ला आधार दिला, हे मनापासून मान्य करावे लागेल. पण 2023 मध्ये बार्टीचे संशोधक विद्यार्थी फेलोशिपसाठी आझाद मैदानात बसले होते, हेही आपण पाहिले. ग्रंथालयात बसायच्या वयात त्यांनी कित्येक दिवस मैदानात काढले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, नागपूरच्या अधिवेशनात, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, असा सवाल सभागृहात झाला. त्याच्या पुढच्याच महिन्यात, जानेवारी 2024 मध्ये, राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी महापालिकेचे कर्मचारी मुंबईत घरोघरी फिरत होते. ती प्रश्नावली कशी बनवायची, दारात उभ्या असलेल्या माणसाला कोणता प्रश्न आधी विचारायचा, उत्तराचा अर्थ कसा लावायचा, हे शिकवणारी विद्या तीच, जिच्या उपयोगाविषयी सभागृहात शंका घेतली गेली होती.

दिल्लीतही दारे बंद होत गेली. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप 2022-23 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी थांबली, आणि 2022 मध्येच राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतीय समाजाविषयीचे विषय वगळण्यात आले.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांविषयी एक गोष्ट मला विशेष लागते. राज्याच्या सेट परीक्षेत समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास यांसारख्या विषयांची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. नेट या देशपातळीवरील परीक्षेची प्रश्नपत्रिका भाषाविषय सोडले तर इंग्रजी आणि हिंदीतच असते. सेटने सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, फेलोशिप मिळत नाही, जेआरएफ मिळते ती नेटमधून. म्हणजे ज्या परीक्षेला पैसे जोडलेले आहेत, त्याच परीक्षेत आमच्या मुलांची भाषा नाही. माझा एक विद्यार्थी दोनदा सेट उत्तीर्ण होता येईल एवढा अभ्यास करून नेटला काही गुणांनी राहिला. विषय त्याला माझ्याइतका येतो, पण वाचनाचा वेग इंग्रजीत कमी पडतो. जून 2024 मध्ये नेट झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी परीक्षा रद्द झाली तेव्हा तो महिनाभर पुस्तकाला हात लावू शकला नव्हता.

जे आता एम.ए. करत आहेत त्यांना काही गोष्टी सांगते. जेआरएफसाठी खुल्या प्रवर्गाला वयाची अट 30 वर्षांची आहे, महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत आहे. निवडीचे पत्र तीन वर्षे ग्राह्य असते, तेव्हा मार्गदर्शक आणि विषय घाईने ठरवू नका. जेआरएफ मिळाली नाही तर आयसीएसएसआरच्या, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या, डॉक्टरल फेलोशिपचा विचार नक्की करा. या परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र आपल्या मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातच, जे. पी. नाईक भवनात आहे आणि पुष्कळ मुले त्या इमारतीसमोरून रोज जातात तरी आत जात नाहीत. 1969 मध्ये ही परिषद सुरू झाली तेव्हा धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष आणि जे. पी. नाईक सदस्य-सचिव होते. पीएच.डी.च्या मध्यावर असाल तर फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपवर सहा ते नऊ महिने अमेरिकेतील विद्यापीठात काम करता येते. तिची तयारी वर्षभर आधी लागते. आणि ज्यांना लगेच संशोधनात उतरायचे नाही, त्यांनी राज्य सरकारच्या मुख्यमंत्री फेलोशिपची जाहिरात पाहावी, मात्र तेथे वयाची मर्यादा 26 आहे.

कोणतीही फेलोशिप मिळाली की पहिल्याच आठवड्यात मेकर कोण आणि चेकर कोण, हे विचारून घ्या. दर महिन्याच्या सुरुवातीला त्यांना भेटा. शक्य असेल तर पहिल्या थकबाकीतून तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.

यूजीसी, बार्टी, सारथी, महाज्योती, सगळ्यांकडे माझी मागणी एकच आहे. प्राध्यापकांचा पगार जसा ठरल्या तारखेला होतो, तशी फेलोशिपचीही तारीख जाहीर करावी, आणि संस्थेने महिना भरला नाही तर त्याचा जाब संस्थेला विचारावा, विद्यार्थ्याला नव्हे. रक्कम वाढवण्याआधी एवढे झाले तरी मला चालेल.

त्या मुलीला मी काल पुन्हा बोलावले आणि "हो" मागे घेतले. पैसे मिळतील, पण पहिले चार-सहा महिने मिळणार नाहीत असे धरून चाल, असे सांगितले. तिने वहीत काहीतरी आकडेमोड केली आणि म्हणाली, मग भावाचे कॉलेज सुरू झाल्यावर अर्ज करते. शनिवारी मी तिच्यासोबत जे. पी. नाईक भवनात जाणार आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी सकाळी अकरा वाजता कलिना संकुलाच्या फाटकाशी भेटावे.