'द वायर'चा मास्तर

'द वायर' या अमेरिकी टीव्ही मालिकेचा विषय निघाला की तिच्या कर्त्याचं, डेव्हिड सायमनचं नाव निघतं. मुलाखती त्याच्या, कौतुक त्याचं. ते रास्तच आहे. 'बाल्टिमोर सन'मध्ये वर्षानुवर्षं पोलीस बीट सांभाळलेल्या या बातमीदाराने एका अख्ख्या शहराची गोष्ट ६० भागांत उभी केली. पण त्याचा सहलेखक एड बर्न्स, त्याचं नाव कोणी घेत नाही आणि मला ते मनापासून खुपतं.

बर्न्स व्हिएतनाममध्ये लढला, मग वीसेक वर्षं बाल्टिमोर पोलिसांत होता. १९८०च्या दशकात मेल्विन विल्यम्स या बड्या ड्रग डीलरला फोन टॅप करून ज्यांनी पकडलं, त्यांतला तो एक. सायमनशी त्याची ओळख त्याच केसच्या बातम्यांमुळे झाली. पहिल्या सीझनमधले पेजर, पब्लिक फोन, कानाला हेडफोन लावून ताटकळणारे पोलीस, लवकर उरका म्हणून वरिष्ठांनी लावलेला तगादा, या सगळ्याला त्या कामाचा वास आहे. आणि तोच विल्यम्स शिक्षा भोगून आल्यावर या मालिकेत डीकनचं, म्हणजे चर्चमधल्या सेवकाचं, काम करतो! पकडणारा लेखक आणि पकडलेला नट.

पोलिसांतून निवृत्त झाल्यावर बर्न्स बाल्टिमोरच्या सरकारी शाळेत मास्तर झाला. २००६ साली आलेला चौथा सीझन माझ्या मते टीव्हीवर आजवर झालेलं सर्वांत मोठं काम आहे आणि तो या मास्तरकीतून आलाय. नोकरी सोडावी लागलेला पोलीस प्रेझबायलुस्की गणित शिकवायला येतो. पहिले काही दिवस वर्ग त्याला जुमानतच नाही. मग परीक्षा जवळ येतात आणि फर्मान निघतं: आता शिकवणं थांबवा, पेपरात येईल तेवढंच घोटून घ्या. प्रेझला लगेच खूण पटते. पोलीस खात्यातही हेच चालायचं. दरोड्याची नोंद साधी चोरी म्हणून करायची, आकडे सुधारायचे, वरच्यांच्या बढत्या पक्क्या. हा प्रसंग आपल्याकडच्या कुठल्याही झेडपी शाळेतल्या गुरुजींना दाखवा, त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. अशी जागा नुसत्या अभ्यासाने सापडत नाही. त्यासाठी माणूस दोन्ही खात्यांत राबलेला असावा लागतो.

जिम ट्रू-फ्रॉस्टने हा प्रेझ फार संयमाने केलाय. ड्रग डीलरांना लुटणाऱ्या ओमारच्या भूमिकेतल्या मायकेल के. विल्यम्सबद्दल सगळेच बोलतात, आणि बोलावंच. २०२१मध्ये तो गेला, २०२३मध्ये पोलीस अधिकारी डॅनियल्स साकारणारा लान्स रेडिकही गेला, दोन्ही वेळा घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं. पण वर्गातल्या ड्यूकी या पोराच्या अंगावर धड कपडे नाहीत हे लक्षात आल्यावर प्रेझ गाजावाजा न करता त्याच्या स्वच्छ कपड्यांची आणि शाळेतच आंघोळीची सोय करतो, तेव्हा ट्रू-फ्रॉस्टच्या चेहऱ्यावर उपकाराचा लवलेशही नसतो. त्या अभिनयाचं कौतुक फारसं कुठे वाचायला मिळत नाही.

आणि ती चार पोरं! मायकेल, नेमंड, रँडी, ड्यूकी. त्यांचं पुढे काय होतं ते इथे लिहीत नाही, ज्यांनी पाहिलं नाही त्यांचा हक्क आहे तो. एवढंच सांगते की चौघांतला एकही वाईट नाही, शाळेतल्या बहुतेक मोठ्या माणसांची तळमळही खरी आहे, तरीही पोरं हातातून निसटतात. शाळा, पोलीस, महापालिका, सगळे आपापलं टेबल स्वच्छ ठेवतात आणि पोरगं दोन टेबलांच्या मधल्या फटीत पडतं. खलनायक शोधायला जावं तर एक माणूस हाती लागत नाही.

पाचवा सीझन मला त्या मानाने कमी वाटतो. तिथे वर्तमानपत्राची गोष्ट आहे, सायमनच्या घरची, आणि त्याचा राग कथेच्या पुढे धावतो. चौथ्यात रागाइतकीच माया आहे.

अशा मालिकेला एमी हा अमेरिकेतला टीव्हीचा मोठा पुरस्कार एकदाही मिळाला नाही. लेखनासाठी दोन नामांकनं, बस्स.

दुसरा सीझन अचानक बंदरावरच्या कामगारांकडे वळतो आणि बरेच जण तिथेच मालिका सोडतात. कृपा करून सोडू नका. चौथ्यापर्यंत पोचा, आणि श्रेयनामावलीत एड बर्न्स हे नाव आलं की ते पुढे ढकलू नका.