‘दोनच टक्के’वाल्या मेसेजला उत्तर

आमच्या पावण्यारावळ्यांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘दारूमुळं दोनच टक्के अपघात होतात. हात बसलेल्याला दोन पेगनं काही होत नाही. लिंबू चोखलं की पोलिसांचं फुंकायचं मशीन फसतं. नाकाबंदी म्हणजे वसुली.’ टाकला आमच्या दाजींनी. खाली अंगठ्यांची रांग.

दोन टक्के खोटे नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या आकडेवारीत दारू-नशेचा वाटा जवळपास तेवढाच आहे. पण त्या वर्षी देशात 1 लाख 68 हजारांवर माणसं रस्ते अपघातांत गेली, त्यातली चार हजारांवर या ‘दोनच’ टक्क्यांतली. आणि बहुतेक अपघात अतिवेगाच्या नावावर मांडलेत. तो वेग कशाच्या जोरावर होता, ते त्या रकान्यात दिसत नाही.

आता हात बसलेला. रोज घेणाऱ्याची जीभ अडखळत नाही, पाय लटपटत नाहीत, हे खरं. म्हणूनच तो बिनधास्त किल्ली फिरवतो. पण नजर आणि ब्रेकवरचा पाय सवयीनं सुधारत नाहीत. गाळपाच्या दिवसांत गेवराई-बीड रस्त्यावर रात्री निघून बघा. ट्रॅक्टरमागं उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं लाइट नाही, फार तर एक लाल चिंधी, तीही धुळीनं मातकट. ताशी 80 च्या वेगात ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागला तर गाडी 11 मीटर पुढं गेलेली असते. आणि त्या उसावर कोयत्याची, म्हणजे ऊसतोड मजुरांची, लेकरं झोपलेली असतात, ती कुठं प्यायलेली होती?

लिंबानं तोंडाचा वास जाईल. मशीन मोजतं ती फुप्फुसातली हवा, त्यात दारू रक्तातून येते. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम; उपाशीपोटी 60 मिलिचा एक पेग बारीक अंगाच्या माणसाला तिच्यावर नेऊ शकतो. उतरवण्याचं काम लिव्हरचं, आणि ते आपल्या चालीनंच करतं. रात्री अकराला संपवलेली क्वार्टर पहाटे पाचलाही अंगात असू शकते.

राहिली वसुली. चिरीमिरी घेणारे आहेत, नाही कोण म्हणतंय? पण पहिल्याच गुन्ह्याला 10 हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये लिहिलंय. वर पिऊन ठोकली तर स्वतःच्या गाडीचा विमाही कंपनी नाकारते.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. दाजींचा नुसता अंगठा आला. रविवारी अंबडला लग्न आहे. गाडीची किल्ली मी आजच ताईकडून मागून घेतलीय.