विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विकिपीडियावर वेगळं पान हवंच का?

जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आला की कॉलेजांमध्ये विकिपीडियाच्या कार्यशाळा लागतात. मग काही दिवसांत मराठी विकिपीडियावर एकाच वळणाची पानं उगवतात. 'अमुक विद्यापीठाचे ग्रंथालय हे एक सुसज्ज व अद्ययावत ग्रंथालय असून येथे इतके लाख ग्रंथ, इतकी नियतकालिके व वातानुकूलित वाचनकक्ष आहे.' खाली संदर्भ एकच, तोही विद्यापीठाच्याच संकेतस्थळाचा. कोणीतरी 'पानकाढा' साचा, म्हणजे पान काढून टाकावं अशी सूचना, लावतो आणि चर्चा पानावर दोन तट पडतात. एक म्हणतो, एवढं मोठं ग्रंथालय आणि त्याला पान नको? दुसरा म्हणतो, जाहिरात आहे, उडवा.

माझं मत असं आहे की बहुतेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांना वेगळं पान नको. विद्यापीठाच्या पानातच एक नीट लिहिलेला विभाग पुरतो. ज्या थोड्यांना पान खरंच हवं, त्यांचे पुरावे आपण भलत्याच ठिकाणी शोधतो आणि म्हणून तीही पानं जातात.

एखाद्या विषयाला पान द्यायचं की नाही, याची विकिपीडियाची कसोटी म्हणजे 'उल्लेखनीयता', आणि घोळ या शब्दापासूनच सुरू होतो. आपल्या कानाला उल्लेखनीय म्हणजे कौतुकास्पद. इथे तो अक्षरशः घ्यायचा: उल्लेख झालाय का, कोणी केला आणि किती खोलात जाऊन केला? मजकूर सविस्तर हवा, छापणारा विश्वासार्ह हवा आणि लिहिणाऱ्याचा ग्रंथालयाशी लागाबांधा नको. या तिन्ही अटी एकाच संदर्भाने पुऱ्या करायच्या असतात. एक सविस्तर पण घरचा आणि दुसरा बाहेरचा पण दीड ओळीचा, अशा दोन अर्ध्यांचा एक होत नाही. इंग्रजी विकिपीडियाचे संस्थांसाठीचे निकष याबाबत फार कडक आहेत. मराठीत तेवढी कडक तपासणी रोज होत नाही, पण कसोटी तीच ठेवलेली बरी.

ग्रंथसंख्या हा सर्वांत लाडका मुद्दा आणि सर्वांत निरुपयोगी. पुस्तकं किती, हा आकडा आलेलं प्रत्येक पुस्तक जिथे नोंदतात त्या दाखलनोंद वहीतून येतो, म्हणजे ग्रंथालयाकडूनच. ई-जर्नल्सचं तर आता बोलूच नये. सगळ्यांसाठी एकच वर्गणी भरणारी केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ला सुरू झाली. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांसाठी एकदम खुली झाली. मग 'आमच्याकडे हजारो ई-जर्नल्स' यात त्या ग्रंथालयाचं वेगळेपण काय उरलं? प्रबंध शोधगंगा या देशभरच्या ऑनलाइन प्रबंध-भांडारावर सगळेच चढवतात. सोल किंवा कोहासारखी ग्रंथालयाची संगणकप्रणाली बसवणं, पुस्तकांना आरएफआयडीची इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी चिकटवणं या आजच्या साध्या सोयी आहेत. पानाच्या कडेच्या माहितीचौकटीत एक ओळ म्हणून ठीक, पानाचा आधार म्हणून नाही.

विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालाचंही तेच. चौथ्या निकषात ग्रंथालयाची भरपूर माहिती असते, सरकारी शिक्का पाहून ती भारदस्तही वाटते. पण स्वयंमूल्यांकन अहवाल विद्यापीठानेच लिहिलेला असतो. भेट देऊन गेलेल्या समितीचा अहवाल बाहेरच्यांचा खरा, फक्त त्यात ग्रंथालयाच्या वाट्याला एखाददुसरं वाक्य येतं.

राहिली वर्तमानपत्रं, आणि इथे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. १२ ऑगस्ट ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन. या तीन दिवसांच्या आगेमागे आलेली बातमी आधी बाजूला ठेवा. प्रतिमापूजन, ग्रंथप्रदर्शन, कुलगुरूंचे दोन शब्द, सूत्रसंचालन, आभार, संपलं. मग उरलेल्या बातम्या शेजारी शेजारी लावा. तीन दैनिकांत दुसरा परिच्छेद शब्दशः सारखा असेल आणि नावाच्या जागी 'प्रतिनिधी' असेल, तर ते जनसंपर्क कक्षाचं प्रसिद्धीपत्रक आहे. तीन संदर्भ दिसतात, पण स्रोत एकच आणि तोही आतला. बातमीदाराने स्वतः जाऊन विद्यार्थ्यांशी बोलून, कागद पाहून लिहिलेली एकच बातमी, मग ती वाळवी लागलेल्या दप्तराची तक्रार का असेना, या तिघींपेक्षा भारी. टीकाही उल्लेखच असते, हे आपल्याकडे सहज विसरलं जातं.

आता एक खरं उदाहरण घेऊ. फोर्टमधली मुंबई विद्यापीठाची लायब्ररी. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊलही न ठेवता लंडनमध्ये आराखडा काढला. १८६९मध्ये पाया पडला, १८७८मध्ये काम पुरं झालं. प्रेमचंदांच्या आईच्या नावावरून मनोऱ्याचं नाव राजाबाई पडलं. २०१८मध्ये व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाबरोबर ही इमारत जागतिक वारसा यादीत गेली. एवढं वाचल्यावर वाटतं, हिला पान नाही तर कोणाला? पण पुन्हा एकदा वाचा. देणगी आहे, वास्तुरचनाकार आहे, मनोरा आहे. पुस्तक एकही नाही! हे सगळे पुरावे इमारतीचे आहेत. इमारतीचं पान त्यावर सहज उभं राहतं आणि त्यात ग्रंथालयाचा विभाग शोभतो. ग्रंथालय या संस्थेला त्याखेरीज वेगळं पान द्यायचं, तर संग्रहाबद्दल कोणी काय लिहिलंय ते दाखवावं लागेल.

तिथे हस्तलिखितं आहेत. देवस्थळींनी केलेली संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची १९४४ची. धागा उत्तम, पण सूचीची प्रकाशक मुंबई विद्यापीठच, म्हणजे लागाबांधा नसण्याची अट पुन्हा अडली. तिचं परीक्षण एखाद्या संशोधनपत्रिकेत आलं असेल, किंवा कोणा अभ्यासकाने तिथल्या पोथ्यांवर स्वतंत्र लेख लिहिला असेल, तर तो चालेल. अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेल्या एखाद्या चिकित्सक आवृत्तीच्या प्रस्तावनेत कोणी 'मुंबई विद्यापीठातील एक प्रत पाहिली' एवढंच म्हटलं असेल, तर त्याने विभागात एक भक्कम वाक्य होतं, पान नाही.

शिवाय 'मुंबई विद्यापीठ ग्रंथालय' म्हणजे नक्की कोणतं? कलिनाच्या विद्यानगरीत जवाहरलाल नेहरू ग्रंथालय वेगळं आहे. फोटो फोर्टचा, ग्रंथसंख्या कलिनाची आणि इतिहास राजाबाईचा, असा काला सहज होतो. पहिल्या वाक्याचा कर्ता कोण हे ठरल्याशिवाय पान सुरूच करू नये.

नावाचं वजनही उपयोगी पडत नाही. पुणे विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय तिथले पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांच्या नावाचं, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाचं. दोघांची चरित्रं पानाला पात्र. पण थोरवी नावाबरोबर इमारतीत उतरत नाही. विद्यापीठ मोठं म्हणून ग्रंथालय मोठं, हेही चालत नाही.

ज्यांच्याबद्दल वादच होऊ नये अशीही आहेत. बेल्जियममधल्या लूव्हाँचं विद्यापीठ ग्रंथालय ऑगस्ट १९१४मध्ये जर्मन सैन्याने जाळलं. व्हर्सायच्या तहात त्याच्या भरपाईचं कलम आलं, अमेरिकन देणग्यांतून नवी इमारत झाली आणि मे १९४०मध्ये तीही जळाली. पुढे भाषावादात विद्यापीठच दुभंगलं, तेव्हा ग्रंथसुद्धा सम-विषम क्रमांकांनी वाटले गेले. तहात कलम असलेल्या ग्रंथालयाचे संदर्भ कोण मागणार? आपल्याकडे मद्रास विद्यापीठाचं ग्रंथालय घ्या. १९२४मध्ये ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन तिथे ग्रंथपाल झाले आणि तिथेच द्विबिंदू वर्गीकरण ही त्यांची ग्रंथांची विषयवार वर्गवारी करायची पद्धत आकाराला आली. ग्रंथालयशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही या ग्रंथालयावर थांबावंच लागतं. फक्त एक पथ्य पाळायचं. रंगनाथन यांनी स्वतः लिहिलेलं तपशिलाला वापरा, पात्रतेला नको. ग्रंथपालाने आपल्याच ग्रंथालयाविषयी लिहिलेलं ते, कितीही थोर असलं तरी.

शोधण्यात मात्र आपण फार आळशी आहोत. गूगलवर एकदा नाव टाकायचं आणि 'संदर्भ मिळत नाहीत' म्हणायचं. जयकरांचं ग्रंथालय जयकर ग्रंथालय, जयकर लायब्ररी, पुणे विद्यापीठ ग्रंथालय आणि हल्ली जयकर ज्ञानस्रोत केंद्र अशा चार नावांनी छापलं जातं. विद्यापीठाच्या नावात सावित्रीबाई फुले आलं २०१४मध्ये, त्याआधीचं सगळं जुन्या नावाखाली. 'ज्ञानस्रोत' शोधलंत तर 'ज्ञानस्त्रोत'ही शोधा, कारण निम्म्या जगाला स्रोतमध्ये एक जास्तीचा त घातल्याशिवाय चैन पडत नाही. खर्डेकरांसाठी 'बॅ.' आणि 'बॅरिस्टर' दोन्ही. जुन्या स्मरणिका आणि मासिकांच्या पीडीएफ श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, कॉपी केलं की गिचमिड. शोधयंत्रालाही ती गिचमिडच दिसते. ई-पेपरची पानं तर बऱ्याचदा नुसती चित्रं. म्हणजे पडद्यावर काही मिळालं नाही, तरी कागदावर नाही असं होत नाही. जिल्हा गॅझेटिअर, मराठी विश्वकोश, ग्रंथालयशास्त्राच्या पत्रिका, दुसऱ्या विद्यापीठात झालेले प्रबंध एवढं तरी चाळल्याशिवाय पान काढून टाकायची विनंती करू नये.

सगळं चाळून झालं की हातातले सर्वांत चांगले तीन संदर्भ निवडा. प्रत्येकातून, बाकीचे दोन न उघडता, ग्रंथालयाविषयी निदान एक परिच्छेद लिहून पाहा. तिन्ही परिच्छेद उतरले आणि ते तीन वेगळ्या गोष्टी सांगत असतील, तर पान करा. एकच उतरला तर विभाग करा. विभाग करणं म्हणजे हद्दपारी नव्हे. ग्रंथालयाच्या नावाने पान उघडून त्यात #पुनर्निर्देशन (वाचकाला दुसऱ्या पानावर नेणारी आज्ञा) लिहायचं आणि दुवा थेट विद्यापीठाच्या पानातल्या 'ग्रंथालय' विभागाकडे द्यायचा. शोधणाऱ्याला नाव सापडतं, जुना संपादन इतिहास शाबूत राहतो, आणि उद्या चांगले संदर्भ मिळाले की तेच पान पुन्हा उभं करता येतं. काढून टाकलेलं पान परत आणायला तो अधिकार असलेल्या प्रचालकाच्या मागे लागावं लागतं. विकिडाटा या माहितीकोशात नोंद आणि कॉमन्स या चित्रभांडारात फोटो यांना स्वतंत्र पानाची गरजच नाही, ते आजही करता येईल.

ग्रंथपाल मंडळींना एवढंच म्हणेन की पान तुम्ही स्वतः लिहू नका. संकेतस्थळावरचा मजकूर तर अजिबात डकवू नका, तो प्रताधिकारभंग म्हणून त्याच दिवशी उडू शकतो. चर्चा पानावर 'मी इथे नोकरीला आहे' असं सांगून संदर्भ पुरवा, ते जास्त उपयोगी. तुमच्या कपाटात कात्रणांची फाइल असतेच. पण त्यात नुसतं कापलेलं कात्रण चिकटवलेलं असतं आणि मागे दैनिकाचं नाव पेन्सिलीने. त्याचा संदर्भ देता येत नाही. तारीख, पान क्रमांक आणि आवृत्ती, तिन्ही हवं. पुणे आवृत्तीत आलेली बातमी कोल्हापूर आवृत्तीत नसते, आणि तपासणारा नेमकी कोल्हापूरची उघडून बसतो.