सैतान शोधायला सज्जात कशाला चढता?

ईगल्स या अमेरिकन रॉक बँडचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' म्हणजे सैतानपूजेचं गाणं, ही पुडी सुटून काही दशकं झाली. तरी दर थोड्या दिवसांनी कुणीतरी ती नव्याने बांधून व्हॉट्सॲपवर सोडतोच. मजकूर ठरलेला असतो. सॅन फ्रान्सिस्कोत अँटन लावे नावाच्या माणसाने एका जुन्या हॉटेलात 'चर्च ऑफ सेटन' काढलं, बँडवाले त्याच्या नादी लागले, अल्बमच्या आतल्या फोटोत लावे स्वतः सज्जात उभा आहे, गाण्यातलं १९६९ हे त्याच्या पोथीचं साल आहे, आणि गाणं उलटं वाजवलं की सैतानाचं नाव ऐकू येतं. कॉलेजच्या गॅदरिंगपासून गोव्यातल्या शॅकपर्यंत जिथे गिटार तिथे हे गाणं, त्यामुळे या मालाला आपल्याकडे गिऱ्हाईकही भरपूर.

लावेने १९६६ मध्ये ते चर्च काढलं, इथवर बरोबर. पण ते चालायचं त्याच्या राहत्या घरात. काळ्या रंगाने रंगवलेलं जुनं घर होतं ते, हॉटेल नव्हे. मग कॅलिफोर्निया आलं कुठून? तर ते घर ज्या रस्त्यावर होतं त्याचं नाव कॅलिफोर्निया स्ट्रीट! बादरायण संबंध म्हणतात तो हाच. अल्बमच्या मुखपृष्ठावरची इमारत आहे बेव्हर्ली हिल्स हॉटेल, म्हणजे लॉस एंजेलिसला खेटून, सॅन फ्रान्सिस्कोपासून सहाशे किलोमीटरच्या आसपास. फोटोग्राफर डेव्हिड अलेक्झांडर आणि कला दिग्दर्शक कॉश सनसेट बुलेवार्डवर, ऐन ट्रॅफिकच्या वेळी, साठ फूट उंच क्रेनच्या पाळण्यात जीव मुठीत धरून बसले आणि मावळतीच्या उजेडात तो फोटो काढला.

आता तो सज्जा. आतला फोटो त्या बड्या हॉटेलचा नाहीच. हॉलिवूडमधल्या 'लिडो' नावाच्या साध्यासुध्या हॉटेलची ती लॉबी. बँड आणि गोतावळा तिथे जमवून पार्टीचा देखावा उभा केला. वर सज्जात जी धूसर आकृती दिसते ती फोटोसाठी पैसे देऊन बोलावलेली एक बाई होती. त्या ठिपक्यात लावेचं तुळतुळीत डोकं आणि बोकडदाढी दिसायची तर ती आधी कुणीतरी सांगावी लागते. मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. भिंग घेऊन सज्जा तपासणारे लोक कव्हर उलटून मागची बाजू बघत नाहीत. तीच लॉबी तिथे रिकामी आहे. पाहुणे गेलेत आणि झाडूवाला तेवढा उरलाय. या अल्बमला जे सांगायचंय ते या दोन फोटोंत उघड मांडलेलं आहे.

१९६९ चं म्हणाल, तर लावेचं पुस्तक त्या साली निघालं हे खरंच. त्याच साली माणूस चंद्रावरही उतरला, म्हणून गाणं काही 'नासा'चं होत नाही. अमेरिकेतल्या त्या पिढीला १९६९ म्हटलं की दोन नावं आठवतात. ऑगस्टमधला वुडस्टॉकचा संगीत महोत्सव, आणि डिसेंबरमधलं कॅलिफोर्नियातलंच अल्टामाँट, जिथे रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम चालू असताना मंचासमोर एका तरुणाला भोसकून मारलं. चार महिन्यांत एका स्वप्नाचा निकाल लागला. गाण्यात वाइन मागितली की उत्तर मिळतं, 'ते स्पिरिट इथे १९६९ पासून नाही' (स्पिरिट म्हणजे दारूही आणि चैतन्यही); ती ओळ दारूबद्दल नाही, सामाजिक-राजकीय आहे, असं गायक डॉन हेन्लीने स्वतः सांगितलंय. राहिले ते गाण्यात श्वापदाला भोसकणारे पोलादी, म्हणजे 'स्टीली' सुरे. तो स्टीली डॅन या बँडला मारलेला डोळा आहे. त्यांनी हा अल्बम निघाला त्याच वर्षी आपल्या एका गाण्यात ईगल्सना चिमटा काढला होता, त्याची ही परतफेड.

उलट्या वाजवण्याचा निकाल १९८५ मध्येच लागलाय. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठातल्या व्होकी आणि रीड या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना उलटी टेप ऐकवली. काय ऐकू येणार हे आधी न सांगता ऐकवली तर कुणाला काही अर्थ लागेना, सांगून ऐकवली की नेमकं तेच ऐकू येई. फॉरवर्डमध्ये शब्द आधी छापलेले असतात ते उगाच नाही.

गाणं जन्मलं कसं, ते या कटकथेपेक्षा फार मजेदार आहे. बँडचा गिटारवादक डॉन फेल्डर याने कॅलिफोर्नियातल्या मालिबूच्या समुद्रकाठी भाड्याच्या घरात, बारा तारांच्या गिटारवर ही चाल बसवून टेपवर घेतली. शब्द नव्हतेच, बँडमध्ये त्या चालीला 'मेक्सिकन रेगे' म्हणत. पुढे मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत शेवटचे सोलो घ्यायची वेळ आली. फेल्डर आणि दुसरा गिटारवादक जो वॉल्श नवीन काहीतरी वाजवायला लागले, तर हेन्ली अडून बसला : डेमोत होतं तस्संच पाहिजे. टेप घरी, मालिबूत. अखेर फेल्डरने घरच्या मोलकरणीला फोन लावला, तिने ती कॅसेट शोधून रिसिव्हरसमोर वाजवली, आणि त्यावरून त्याने आपलेच सूर परत बसवले. सैतानाशी करार झालेला असता तर एवढी यातायात पडली नसती.

आणि गंमत बघा, सैतानाच्या नावाने ज्यांचा खरोखर बोभाटा होता ते ब्लॅक सॅबथ हे हेवी मेटल बँडवाले तेव्हा शेजारच्याच स्टुडिओत होते. त्यांचा दणदणाट भिंतीतून इकडे झिरपायचा आणि ईगल्सना याच अल्बममधलं 'द लास्ट रिसॉर्ट' हे गाणं पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं.

(मेक्सिकोतल्या तोदोस सांतोस गावचं हॉटेल हेच खरं 'हॉटेल कॅलिफोर्निया', असाही एक दावा फिरतो. त्या हॉटेलवर बँडने २०१७ मध्ये खटला भरला आणि पुढच्या वर्षी तो आपसात मिटला. त्यात एवढंच.)

अल्बममध्ये धर्माला डिवचणारं काही नाहीच, असं मात्र मी म्हणणार नाही. ते आहे, पण शेवटच्या गाण्यात, म्हणजे याच 'द लास्ट रिसॉर्ट'मध्ये. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सहून एक बाई पश्चिमेकडे निघते, आणि गाणं पोहोचतं थेट हवाईतल्या लाहाइनापर्यंत. मिशनरी तिथे आधीच गेलेले, नव्या लोकांनी तर 'येशू येतोय' अशी निऑनची पाटीही सोबत नेलेली. जमीन ओरबाडायची, मूळच्या लोकांना हटवायचं, रक्त सांडायचं, आणि वर नियतीचं आणि देवाचं नाव घ्यायचं, हे हेन्ली शांतपणे, स्पष्ट उच्चारात गातो. रेकॉर्ड उलटी फिरवावी लागत नाही. पण दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं, त्यात सात मिनिटांहून मोठं. तिथवर फॉरवर्डवाला पोहोचलेलाच नसतो.